अस्सल, नक्कल आणि धाकूबाबा

वाशिंदमध्ये चामड्याची जॅकेटं शिवणारा एक माणूस आहे, हे खुद्द वाशिंदमध्ये फारसं कुणाला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांना माझी काळजी वाटायची. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे अंगावर बनियन सहन होत नाही, तिथे हा चामड्याचं जॅकेट कुणाला घालणार, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. शेजारचा पिठाच्या गिरणीवाला अठरा वर्षांत मला कधी 'काय चाललंय' म्हणाला नाही. रोज सकाळी शटर वर करताना तो विचारायचा, "अजून चाललंय?"

चालत होतं. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून मशीन बंद केलंय, पण चाळीस वर्षं या हातांनी दुसरं काही केलं नाही. त्यातली निम्म्याहून जास्त धारावीत एका एक्स्पोर्टवाल्याकडे कटिंग मास्तर म्हणून गेली, उरलेली वाशिंदच्या माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत. या अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा बायको म्हणाली, धाकूबाबांचंच लिहा, बाकीचं कोण वाचतंय. मी तिचंच ऐकणार आहे. पण आधी धंदा थोडा समजावून सांगितला नाही, तर धाकूबाबांनी काय केलं ते कळायचं नाही.

मी शिवायचो ती जॅकेटं मुळात वैमानिकांची. मोठ्या लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानात वर हाडं गोठवणारा गारठा आणि बसायची जागा चिंचोळी, म्हणून जॅकेट कमरेपर्यंतच आखूड. वारा आत शिरू नये म्हणून मनगटाला आणि कमरेला लोकरीची घट्ट पट्टी. पुढे धातूची चेन, खांद्यावर पट्टा, दोन खिसे. लढाई संपली, वैमानिक आपापल्या घरी गेले आणि जॅकेटं उरली. ती हळूहळू मोटरसायकलवाल्यांच्या अंगात आली आणि मग शौकिनांच्या कपाटात. आता जगभर लोक ती गोळा करतात. त्यात दोन जाती. एक खरोखर त्या काळात शिवलेलं, म्हणजे ओरिजिनल. दुसरं त्याच्यावरून आज शिवलेलं, म्हणजे रिप्रॉडक्शन. एवढा मोठा शब्द उच्चारायला वेळ कुणाला आहे, आम्ही रिप्रो म्हणतो. मी रिप्रोवाला.

दोन्हींतला फरक कसा ओळखायचा, असं लोक विचारतात तेव्हा त्यांना वाटतं मी काहीतरी गुपित सांगेन. गुपित नाही. नाक आणि बोटं लागतात. जुन्या चामड्याला बंद पेटीचा वास येतो, नव्याला रंगाचा. जुना दोरा सुती असतो, तो टाक्यात फुगून बसतो. नवा दोरा चकाकतो. जुनी चेन जड असते आणि ओढताना कुरकुरते. आणि अस्तर बघायचं, कारण नक्कल करणारा माणूस बाहेरून जीव ओततो आणि आत कंटाळतो. मीही कंटाळायचो. पण हे सगळं ओळखून झाल्यावर खरा प्रश्न उरतो, तो असा की तुम्हाला ते कशाला हवंय. अंगात घालायचं असेल तर नवं घ्या, कपाटात ठेवायचं असेल तर जुनं घ्या. एवढा साधा सल्ला मी चाळीस वर्षं दिला आणि तो ऐकणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

न ऐकणाऱ्यांत खर्डीचा एक तरुण इंजिनियर होता. लग्नाआधी फोटो काढून घेण्याची हल्ली पद्धत आहे, त्यासाठी त्याने कुठूनतरी ओरिजिनल जॅकेट मागवलं आणि मला दाखवायला आणलं. मी खांद्याजवळ चिमटीत धरून बघितलं. सत्तर-पंचाहत्तर वर्षांचं चामडं, वरून देखणं, आतून पापडासारखं. मी म्हटलं, फोटोपुरतं खांद्यावर टाक, हात घालू नकोस. त्याला वाटलं, मला माझा माल खपवायचाय. तानसा तलावाच्या काठावर नवरीला दोन्ही हातांनी उचलायची पोज ठरली होती. नवरी वर गेली आणि दोन्ही बाह्या काखेपासून सुटून खाली आल्या. फोटोग्राफर हुशार, त्याने तो क्षणही टिपला. दुसऱ्या दिवशी पोरगा एका पिशवीत जॅकेट आणि एका पिशवीत बाह्या घेऊन आला. नवरी त्याच्यावर नाही, जॅकेटवर हसली होती, एवढंच त्याचं नशीब. त्यांच्याकडे तोच फोटो मोठा करून लावलाय म्हणे.

नवं जॅकेट जुनं दिसायला हवं, ही आमच्या धंद्यातली दुसरी डोकेदुखी. कारखान्यात त्यासाठी मोठं पिंप असायचं, त्यात जॅकेट दगडांबरोबर घुसळायचे. माझ्याकडे पिंप नव्हतं, पण मुरबाडजवळ शेती असलेला मेव्हणा होता. भात पोसवायला लागलं की तो पाखरांसाठी शेतात बुजगावणं उभं करायचा. मी त्याच्या बुजगावण्याला जॅकेट घालायचो. भादव्यातलं ऊन, रात्रीचं दव, वाऱ्यावर हलून खांद्यांना पडणाऱ्या घड्या, यांनी दीड महिन्यात जे काम होतं ते पिंपात वर्षभर घुसळून होणार नाही. एकदा तर ऑर्डर मोठी होती, तेव्हा मेव्हण्याच्या सहा खाचरांत सहा वैमानिक उभे होते. एसटीतली माणसं खिडकीतून वाकून बघायची. त्या वर्षी पाखरांनी शेजाऱ्याचं भात खाल्लं आणि मेव्हण्याचं त्याच्याशी वाजलं.

पुढे दोनेक वर्षांनी एक गृहस्थ माझ्याकडे जॅकेट दुरुस्तीला घेऊन आले. अस्सल आहे, ब्रह्मदेशाच्या जंगलात पडलेल्या विमानातलं आहे, आणि हे बघा, असं म्हणून त्यांनी पाठीवरचं भोक दाखवलं. गोळी इथून आत गेली. त्यांचा आवाज बदलला होता. ते भोक मी ओळखलं. मेव्हण्याच्या बुजगावण्याचा बांबू पाठीमागून वर आला होता, त्याचं ते. सांगावं की न सांगावं, असा विचार करत मी भोकात बोट घालून बसलो. शेवटी सांगितलं. गृहस्थ माझ्यावर इतके चिडले की विचारू नका. दुसऱ्या कुणीतरी त्यांना फसवलं होतं, पण राग माझ्यावर, कारण गोळी मी काढून घेतली होती.

मी आमच्या घरातला चामड्यात हात घालणारा पहिला नव्हे. आजोबा शहापूर तालुक्यातल्या खेड्यात राहायचे. दीक्षा घेतल्यावर त्यांनी गावाचं मेलेलं जनावर ओढायचं सोडलं आणि त्यासाठी गावाने दिलेला त्रास मुकाट सोसला. त्यांचा मुलगा, म्हणजे माझे वडील, शिकून सरकारी कचेरीत चिकटले. आणि नातू धारावीत चामडं कापायला गेला. वडील म्हणाले, "तुझ्या आज्यानं जे टाकलं, ते तू उचलतोस?" मी सांगत राहिलो की हे शिवणकाम आहे, कटिंग मास्तर हा मास्तरच असतो. ते दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. पुढे थंडीत दमा उसळला तेव्हा आईने मध्ये पडून माझ्याकडून त्यांच्यासाठी एक जॅकेट शिवून घेतलं. ते त्यांनी मरेपर्यंत वापरलं आणि भेटेल त्याला सांगितलं की रेक्झिनचं आहे. अस्सल माल नकली म्हणून वापरणारा माझ्या पाहण्यातला तो एकमेव माणूस. आज हसू येतं, तेव्हा वाईट वाटायचं.

आता धाकूबाबा.

होळी होऊन आठ दिवस झाले असतील. चाळिशीचा एक माणूस दुकानात आला, हातात खताची रिकामी गोणी. नाव प्रमोद, टोकावड्याला माळशेजच्या रस्त्यावर त्याचा ढाबा. गोणीतून त्याने जॅकेट काढून टेबलावर ठेवलं आणि मी उभाच राहिलो. शेळीच्या चामड्याचं, पक्कं ओरिजिनल. पण त्याच्यावर एका घराने उभा जन्म काढला होता. चेन कधीच गेलेली, तिच्या जागी चार वेगवेगळी बटणं. एका खिशावर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. कॉलरला आतून लुगड्याचा तुकडा. मनगटाची लोकरीची पट्टी कसरीने खाऊन संपवलेली.

हे प्रमोदच्या आजोबांचं, म्हणजे धाकूबाबांचं. लढाई संपल्यावर कल्याणच्या कँपातलं लष्करी सामान विकायला निघालं, तेव्हा बाबांचे वडील तिथे हमालीला होते. त्यांनी ते आणलं. रात्री भात राखायला ते घालून बसायचे, त्यांच्या पश्चात धाकूबाबा बसू लागले. आता बाबांनी ऐंशी ओलांडली होती, राखायला शेत उरलं नव्हतं, तरी दिवाळी ते होळी ते जॅकेट अंगातून निघायचं नाही. होळी झाली की पेटीत.

आणि ढाब्यावर कर्णिकसाहेब आले होते. मुंबईचे, मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, जुन्या लष्करी वस्तूंचा नाद असलेले. त्यांनी बाबांना जॅकेट घालून बाजेवर बसलेलं पाहिलं आणि त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. प्रमोदची मुलगी साक्षी कल्याणला नर्सिंग शिकत होती, पुढच्या वर्षाची फी भरायची होती आणि साहेब जे देत होते त्यात ती भागत होती. पण बाबांना विचारायची कुणाची छाती होत नव्हती. मागे एका मोटरसायकलवाल्या पोराने जॅकेट विकत मागितलं, तर बाबांनी त्याला काठी फेकून मारली होती.

"तुमी हुबेहूब दुसरं शिवा," प्रमोद म्हणाला. "दिवाळीनंतर बाबांना ते देतो. म्हाताऱ्याला दिसतं कमी, त्यांना कळायचं नाय. ओरिजिनल सायबाला."

मला हे काम घ्यायला नको होतं. एका म्हाताऱ्याला फसवायचं, हे त्याने स्पष्टच सांगितलं होतं. पण मी त्या ट्यूबच्या ठिगळाकडे बघत होतो. वैमानिकांची शेकडो जॅकेटं मी केली होती, लुगड्याचं अस्तर आणि ट्यूबचं ठिगळ असलेलं एकही केलं नव्हतं. मोह झाला, दुसरं काही नाही. साक्षीच्या फीचं कारण मी नंतर स्वतःला दिलं.

घडी कुठे पडते ते बघायला माणूस बघावा लागतो, म्हणून मी टोकावड्याला गेलो. प्रमोदने बाबांना सांगितलं, सदरा शिवायला शिंपी आणलाय. बाजेवर एक सुकलेला, ताठ म्हातारा बसला होता. मी खांदे मोजले, काख मोजली, दंड मोजले, मनगट मोजलं. बाबा म्हणाले, सदऱ्याला एवढी मापं आजवर कुणी घेतली नाहीत. मी म्हटलं, हल्ली अशीच पद्धत आहे. त्यांनी मान हलवली आणि सदऱ्याला दोन खिसे ठेवायला सांगितले.

मग चुकलो. माझी मापाची वही असते, तिच्यात डाव्या पानावर नमुन्याचं माप आणि उजव्या पानावर गिऱ्हाइकाचं. धारावीत बावीस वर्षं हाच शिरस्ता, नमुना फक्त बघायचा आणि कापायचं उजव्या पानावरून. या वेळी डाव्या पानावरून कापायचं होतं, कारण नक्कल जॅकेटची करायची होती, माणसाची नव्हे. मी वही उघडली, चामडं टेबलावर पसरलं, हात सवयीने उजव्या पानावर गेला आणि मी कापून मोकळा झालो. शिवून झाल्यावर दोन्ही जॅकेटं एकमेकांवर ठेवली तेव्हा चूक दिसली. माझी बाही चांगली तीन बोटं आखूड. छाती अरुंद. खांदा आत. ते जॅकेट कुणा धिप्पाड गोऱ्यासाठी शिवलेलं होतं आणि माझं धाकूबाबांसाठी.

कापड असतं तर उसवून सोडलं असतं. चामड्याला एकदा सुईचं भोक पडलं की ते कायमचं. आणि तसं जुन्या रंगाचं चामडं एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मालातून मिळालं होतं, दुसरं मिळणार नव्हतं. सुमन, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, म्हणाली की प्रमोदला फोन करून खरं सांगा. मी केला नाही. जॅकेट मेव्हण्याच्या बुजगावण्याला घातलं आणि जे व्हायचं ते होवो म्हणून गप्प बसलो.

दिवाळी उलटली, टोकावड्याला सकाळी धुकं धरू लागलं आणि प्रमोदने बोलावलं. साहेब येणार होते. कोणतं कुठलं हे सांगायला मी हवा होतो. मी दोन्ही जॅकेटं टेबलावर ठेवली, प्रमोदच्या बायकोला ओरिजिनल कोणतं ते दाखवलं आणि हातपाय धुवायला मागे गेलो. परत आलो तर त्या माउलीने, साहेबांना देताना बरं दिसावं म्हणून, ओरिजिनलला वाटीभर खोबरेल तेल चोळलं होतं. ते नव्या बुटासारखं चमकत होतं आणि सगळ्या ढाब्यावर न्हाणीघराचा वास सुटला होता. शेजारी माझं, दीड महिना उन्हातान्हात उभं राहिलेलं, मळकट आणि सुरकुतलेलं.

साहेब आले. खिशातून भिंग काढलं. चमकणाऱ्या जॅकेटकडे त्यांनी एकदाच बघितलं आणि नाक मुरडलं. माझं उचललं. ठिगळ बघितलं, बटणं बघितली, खांद्यावरच्या घडीवरून अंगठा फिरवला. मला म्हणाले, मास्तर, तुम्ही केलेलं चांगलं आहे, पण खऱ्या वस्तूला जे असतं ते हातात घेताच कळतं. हेच ना ओरिजिनल?

प्रमोद माझ्याकडे बघत होता. मी हो म्हटलं असतं तर साहेब खूश होऊन माझं घेऊन गेले असते, साक्षीची फी भरली असती, आणि धाकूबाबांचं जॅकेट धाकूबाबांकडे राहिलं असतं. सगळ्यांचं भलं एका शब्दावर आलं होतं. त्यात छाती अभिमानाने फुगली होती ती वेगळीच. खोटं मी बोललो नाही, पण खरंही बोललो नाही. तोंड उघडं ठेवून उभा राहिलो. त्याची आजही लाज वाटते.

तेवढ्यात आतून धाकूबाबा आले. थंडी वाजत होती, पेटीत जॅकेट सापडलं नव्हतं. टेबलापाशी आले आणि खुंटीवरून काढावं तसं साहेबांच्या हातातून ते काढून घेतलं, अंगात घातलं, बटणं लावली. हात वर केले. खाली केले. मग दोन्ही हात पुढे धरून मनगटांकडे बघत राहिले. साठ-पासष्ट वर्षं ते त्या बाह्या दोनदा दुमडत आले होते, आणि आज दुमडायला काही नव्हतं.

"हे कोनी शिवलं?"

मी म्हटलं, "मी, बाबा."

ते जवळ आले, माझं तोंड न्याहाळलं. "तू तो सदरेवाला ना? माझा सदरा कुठंय?"

सदरा मी शिवला नव्हता. तसं सांगितलं. मग प्रमोदने खाली मान घालून सगळं सांगितलं, साहेब, फी, दुसरं जॅकेट, सगळं. बाबा बाजेवर बसून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, मग मला का नाही विचारलं. प्रमोदने त्या मोटरसायकलवाल्या पोराची आणि काठीची आठवण दिली.

"त्यानं जाकीट मागितलं म्हनून नाय मारली काठी," बाबा म्हणाले. "न इचारता फोटो काढला म्हनून मारली. साक्षीसाठी तू मागितलं असतंस तर मी नाय म्हनलो असतो? एवढाच वळखलास मला?"

प्रमोद रडायला लागला. चाळिशीचा, अंगापिंडाने भक्कम माणूस, हातात पाण्याचा जग घेऊन रडत होता. माझीही मान वर होईना, कारण एवढ्या उलाढाली करण्यापेक्षा एक प्रश्न विचारायला हवा होता आणि तो मलाही सुचला नव्हता. बाबांनी टेबलावरचं दुसरं जॅकेट जवळ ओढलं, वास घेतला आणि याला तेल कुणी लावलं म्हणून विचारलं. नातसून आत पळाली.

"हे सायबाला द्या," ते म्हणाले. "मी हे ठेवतो, अंगातलं."

कर्णिकसाहेब चुकीचं जॅकेट निवडल्यामुळे ओशाळले होते, पण माणूस सरळ होता. ते म्हणाले, बाबा, नीट विचार करा, तुमच्या अंगात आहे ती नुसती नक्कल आहे, खरं ते आहे.

"खरं असंल," बाबा म्हणाले. "पन ते माझं कवा व्हतं? बापानं आनलं तवा मी एवढासा. घालून बघितलं, ढगळ झालं. वाटलं, मोठा झालो की बसंल. मोठा झालो, बसलं नाय. आता तर मी आकसत चाललोय. हे बसलं बघा."

मी आयुष्यभर नकला केल्या. कुणी माझ्या कामाची तारीफ केली तर तिचा अर्थ एवढाच असायचा, की अगदी खऱ्यासारखं झालंय. खरं समोर असताना, ते खरं आहे हे माहीत असताना, माझं मागून घेणारा माणूस मला त्या सकाळी पहिल्यांदा भेटला. तेही माझ्या चुकीमुळे. मला तिथेच बसावंसं वाटलं, आणि मी बसलो, बाबांच्या शेजारी बाजेवर.

साहेबांनी निघण्याआधी एक विनंती केली. जुनं जॅकेट एकदा बाबांनी अंगात घालावं, त्यांना फोटो हवा होता. या वेळी विचारलं होतं, त्यामुळे बाबांनी हरकत घेतली नाही. माझं काढलं, ते घातलं, बाह्या दोनदा दुमडल्या, बिडी पेटवली, फोटो झाला, ते उतरवून साहेबांच्या हातात दिलं आणि पुन्हा माझं घातलं. उन्हात टांगू नका, एवढं मात्र साहेबांना बजावलं.

चौथ्या दिवशी साहेबांचा फोन आला. आवाजात दबलेली उत्सुकता. ते म्हणाले, मास्तर, जॅकेट काचेच्या कपाटात लावताना उजव्या बाहीच्या दुमडीत एक काडेपेटी सापडली, वैमानिक बाहीत काडेपेटी ठेवायचे अशी काही पद्धत तुमच्या ऐकण्यात आहे का, कारण पेटी बरीच जुनी वाटतेय. मी म्हटलं, साहेब, मागे बारकोड आहे का बघा. पलीकडे काड्या खुळखुळल्या. मग म्हणाले, आहे.

त्याच संध्याकाळी प्रमोदचा फोन. बाबांनी तीन दिवसांपासून डोकं खाल्लंय, जाकीट बिघडलंय म्हणतात, तुम्ही या. मी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो. बाबा बाजेवर बसले होते, जॅकेट अंगातच. मी शिवण तपासली, बटणं तपासली, सगळं ठीक होतं. त्यांनी उजवं मनगट माझ्यापुढे धरलं.

"काडेपेटी कुठं ठेवू?"

मी म्हटलं, दोन खिसे आहेत, एकात ठेवा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा खिशाचं नाव काढलं नाही. सगळा जन्म ज्या डाव्या हाताने उजव्या बाहीत चाचपून काडेपेटी काढली, तो हात आता दिवसातून वीस वेळा मोकळा परत येत होता.

चामडं सोडता येत नाही, पण जोडता येतं. पिशवीत त्याच मालाचं कातरण होतं. ढाब्याच्या टेबलावर बसून, आरीने भोकं पाडून, हाताने टाके घालत मी उजव्या बाहीला तीन बोटांची पट्टी जोडली. जोड दिसतो, लपवलेला नाही. बाबांनी बाही दुमडली, काडेपेटी आत सरकवली, काढली, पुन्हा सरकवली.

"आता माझं झालं," ते म्हणाले, आणि डावी बाही तशीच राहू दे म्हणाले.

घरी येऊन मी वही काढली आणि उजव्या पानावर त्यांच्या नावाखाली लिहिलं: उजवी बाही, मनगटाच्या खाली तीन बोटं, काडेपेटीसाठी. दुसऱ्या दिवशी दुकान उघडून त्यांचा सदरा कापायला घेतला.